दोन स्टार दिलेत त्याबद्दल, वाड्याच्या मालकाकडून

नमस्कार. तुमचा अभिप्राय रविवारीच वाचला. उत्तर आज, बुधवारी लिहितोय, कारण रविवारी लिहिलं असतं तर ते वेगळ्याच भाषेत झालं असतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. वाईतला हा वाडा फोटोत दिसतो तसाच आहे. पण मालक सारखे मध्ये येतात, धूर केला म्हणून पोरांवर ओरडले, ऐन शूटिंगमध्ये वीज बंद केली, झोपाळ्याची खोली शेवटपर्यंत उघडली नाही, बाहेर लाउडस्पीकर, मालकांच्या आई फ्रेममध्ये, आणि वर पाच हजारांच्या अनामतीतले साडेतीन हजार कापले. विद्यार्थ्यांनी इथे येऊ नये.

यातल्या दोन गोष्टी शंभर टक्के माझ्या चुका आहेत, त्या आधी.

लाउडस्पीकर. थंडी सरता सरता वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो. सात घाटांचे उत्सव एकामागून एक होतात, म्हणजे गावात कुठे ना कुठे मांडव असतोच. तुमची तारीख ठरली तेव्हा आमच्या बाजूच्या घाटाचा उत्सव त्याच आठवड्यात आहे, हे मला माहीत होतं. सांगायचं सुचलं नाही. जन्मापासून ऐकतोय, त्यामुळे आम्हाला तो आवाज वाटतच नाही. चारच्या सुमारास तुमच्या साउंडच्या मुलाने हेडफोन एका कानावरून खाली केला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मग त्या पोराने दोन भजनांमधली शांतता धरून धरून संवाद घेतले. त्याला माझा नमस्कार सांगा.

झोपाळा. ती खोली माझ्या भावाच्या वाट्याची. तो चिंचवडला असतो, किल्ली त्याच्याकडे. वेबसाइटवर मात्र झोपाळ्याचा फोटो सगळ्यात वर, कारण तो चांगला दिसतो. तुमच्या दिग्दर्शक ताईंनी तो फोटो बघून आजीचा प्रसंग झोपाळ्यावर लिहिला होता, हे मला त्या दिवशी सकाळी कळलं. रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला, आलात तेव्हा 'ती खोली बंद असते' एवढंच मी म्हणालो. 'बंद असते' आणि 'मिळणार नाही' यातला फरक मी सांगायला हवा होता. फोटो काढून टाकलाय.

आता विजेचं. इथे मी तुमचं ऐकणार नाही.

तुमच्याकडे दोन टू-के (दोन हजार वॅटचे) आणि एक वन-के (हजार वॅटचा) असे दिवे होते. दोन हजार वॅटचा एक दिवा 230 व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. माजघरातला प्लग सहा अँपिअरचा, वायर त्याहून म्हातारी. रेकीलाच मी पडवीतला 16 अँपिअरचा पॉइंट दाखवला होता आणि एका वेळी एकच मोठा दिवा लावा म्हटलं होतं. लाइटवाल्या दादांनी ते दुपारपर्यंत पाळलंही. संध्याकाळी घाई झाली आणि कोणीतरी टू-केची वायर मल्टिप्लगमधून माजघराच्या बोर्डात खुपसली. सहा चाळीसला मी स्वयंपाकघरात होतो. आधी वास आला, माशासारखा. जळक्या बॅकेलाइटचा, म्हणजे बोर्डाच्या जुन्या प्लास्टिकचा, वास तसाच येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. बोर्डाला हात लावला तर चटका बसला आणि पिनेभोवतीचा भाग पापडासारखा फुगलेला. वरती सागवानी तुळ्या, त्यावर फळ्या. मी मेन स्विच पाडला. टेक चालू आहे की नाही, हे तेव्हा बघितलं नाही आणि पुढच्या वेळीही बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनने मात्र मलाच सुनावलं. त्या लाइनीला एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, 16 अँपिअरची होती. ती लहान असती तर बोर्ड वितळायच्या आधीच पडली असती. तेव्हा बोर्ड, वायर आणि वायरमनची मजुरी मिळून जे दोन हजार कापले, त्यातले निम्मे माझे.

धुराबद्दल. उन्हाची तिरीप दिसावी म्हणून सेटवर धूप करतात हे मला ठाऊक आहे. वाईत राहणाऱ्याला शूटिंगचं कौतुक उरलेलं नाही. मेणवलीच्या घाटावर इतके सिनेमे झालेत की तिथे ट्रॉली ढकललेली माणसं गावात चहाच्या टपरीवर भेटतात. पण नारळाच्या शेंड्या पेटवलेलं घमेलं तुम्ही माडीवर, खाली वीटसुद्धा न ठेवता फळ्यांवर टेकवलंत. मी ओरडलो, ते बरोबरच होतं. ओरडताना जो शब्द तोंडातून गेला तो बरोबर नव्हता. कॅमेरा असिस्टंट मुलगी बाजूलाच उभी होती. तिची माफी मी तेव्हाच मागितली, इथे परत मागतो.

मालक मध्ये येत होते, हेही खरं. एकदा खांबाला खिळा ठोकताना आलो. एकदा गॅफर टेप, म्हणजे सेटवरची जाड चिकटपट्टी, काढताना भिंतीचा चुना निघाला तेव्हा आलो. कापलेल्यातले पाचशे त्याचेच आहेत आणि ते मी परत करणार नाही. आणि एकदा चौकात ऊन आहे, तिथला प्रसंग आधी उरका, हे सांगायला आलो. दुमजली वाड्याच्या चौकात फेब्रुवारीतलं ऊन जमिनीवर उतरतं अकराच्या आसपास आणि दीड-पावणेदोनला भिंतीवर चढून जातं. तुमचा कॉल टाइम, म्हणजे सगळ्यांनी हजर राहायची वेळ, सातचा. टेम्पो खंबाटकी घाटात अडकला आणि तुम्ही पोचलात पावणेदहाला. नारळ फोडून, पोहे होऊन पहिला शॉट लागला अकरा वीसला, तोही आत, खोलीत. मी सांगायला आलो तर तुम्ही म्हणालात, 'काका, शेड्यूलप्रमाणे जाऊ द्या.' गेलं शेड्यूलप्रमाणे, ऊनही गेलं. घाटात अडकणं तुमच्या हातात नव्हतं. पण उशीर झाला की आधी ऊन गाठायचं, खोली कुठे पळून जात नाही. दादासाहेब फाळक्यांच्या काळी अख्खी कंपनी सूर्याच्या वेळापत्रकावर चालायची.

आईबद्दल लिहिलंत त्याचं मला थोडं लागलं. ती 78 वर्षांची आहे, तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावते. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की चौकात कॅमेरा लागलाय. तुम्ही 'कट' ओरडलात, पण ताई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या आणि पुन्हा एकदा लावाल का म्हणाल्या. असं चारदा झालं. चौथ्या वेळी आई म्हणाली, 'अगं, देवाला पहिल्यांदाच दिसला, आता तुझ्या मशीनला कधी दिसायचा?' सगळं युनिट हसलं, तुम्हीसुद्धा. तो शॉट ठेवलात का काढलात, ती रोज विचारते.

आणि वीज गेल्यावर काय झालं, ते अभिप्रायात आलंच नाही. आईने देवघरातली समई काढून दिली. तुमच्या छायाचित्रकाराने ती आजीचं काम करणाऱ्या बाईंच्या डाव्या हाताला ठेवली, बॅटरीवरचा छोटा एलईडी पिवळी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून कोनाड्यात लपवला आणि वळकटीला टेकून बसलेल्या आजीचा तो लांब शॉट साडेआठपर्यंत चालला. मी दाराआड उभा होतो. दिवसभरात तुमच्याकडे शांतता झाली ती तेवढीच. ज्यादा दीड तासाचे म्हणून मी हजार कापले होते. लाउडस्पीकरपायी तुमचा त्याहून जास्त वेळ गेला, म्हणून तेही परत.

हिशेब असा: वायरिंगचे निम्मे एक हजार आणि ज्यादा वेळेचे एक हजार, असे दोन हजार ज्या नंबरवरून भाडं आलं त्यावर काल पाठवलेत. माझ्याकडे दीड हजार राहिले.

एक गोष्ट मी कुठेच लावलेली नाही, पण सांगतो. साउंडसाठी सकाळी फ्रिज बंद केला होता, तो परत चालू करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला तर फ्रीझरमध्ये आईने सोलून ठेवलेला चार किलो मटार, सगळा पाणी सुटून चिकट झालेला. नंतर एका जुन्या साउंडवाल्याने मला युक्ती सांगितली: फ्रिज बंद करताना स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. आता आमच्याकडे तो नियम झालाय. तुमच्या साउंडच्या मुलाला सांगा, पुढच्या सेटवर उपयोगी पडेल.

स्टार दोनच राहू द्या, हरकत नाही. फक्त 'विद्यार्थ्यांनी येऊ नये' एवढं वाक्य जमलं तर काढा. विद्यार्थ्यांना मी दिवसाला सहा हजार घेतो, सिरियलवाल्यांना तेवढ्यात गेटही उघडत नाही.

ताईंना निरोप द्या. भावाशी बोललो, झोपाळ्याच्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे. कड्यांना तेल घातलंय, तरी उजवीकडची थोडी करकरते, साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा. अर्ध्या दिवसात होणारं काम आहे, भाडं नको. येण्याआधी फोन करा, उत्सवाच्या तारखा बघून सांगतो, आणि सकाळी अकराच्या आत पोचा.