कायमचं निवडून यायचंय? मग विस्कॉन्सिन पॅटर्न वापरा

आमदारकी टिकवायची म्हणून लग्नाला, मयताला, वास्तुशांतीला हजेऱ्या लावताय? सोडा हो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या रिपब्लिकन आमदारांनी २०११ ला यापेक्षा सोपं काम केलं. तिकडे दर १० वर्षांनी जनगणना झाली की राज्यातल्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात, आणि आखतं कोण, तर आमदारच. (आपल्याकडे परिसीमन आयोग मध्ये कडमडतो.)

पहिलं म्हणजे नकाशा विधानभवनात बनवायचा नाही, समोरच्या लॉ फर्ममध्ये खोली धरायची, कॉम्प्युटरवर मागच्या निवडणुकांची मतं टाकायची आणि रेषा सरकवत बसायचं. त्या मंडळींनी मसुद्यांना 'असर्टिव्ह', 'ॲग्रेसिव्ह' अशी नावं ठेवली होती, म्हणजे मिसळ मीडियम की झणझणीत तसं. मग आपल्या पक्षाच्या आमदारांना एकेक करून आत घ्यायचं, आधी गुप्ततेच्या करारावर सही आणि मगच ज्याला त्याला त्याचा मतदारसंघ दाखवायचा.

रिझल्ट? २०१२ ला निम्म्यापेक्षा कमी मतं आणि ९९ पैकी ६० सीटा. २०१८ ला तर विरोधकांना ५३ टक्के मतं मिळाली आणि सीटा ३६. काही ठिकाणी समोर उमेदवारच नव्हता म्हणा, पण असल्या बारकाव्यात शिरलात तर नकाशा आखून होणार कधी.

खर्चाचं टेन्शन घेऊ नका. वकिलांचं बिल २० लाख डॉलरच्या वर गेलं ते करदात्यांनी भरलं, आयजीच्या जिवावर बायजी उदार. २०२१ ला तर पुढच्या जनगणनेनंतरचा नकाशाही अजून नव्हता, केसही नव्हती, तरी सरकारी पैशातून वकील नेमून मोकळे. खालच्या कोर्टाने ते करार रद्द केले, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ ला ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, चालतंय की.

वर २०१९ ला देशाचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की पक्षाच्या फायद्यासाठी सीमा वाकवल्या तर फेडरल कोर्टं त्यात पडणार नाहीत. पेढे वाटा, पण सगळे नको, कारण तिकडे राज्याचे न्यायाधीशही निवडून येतात. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या एका जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून ५ कोटी डॉलरच्या वर उडवले, कोर्टातलं बहुमत फिरलं आणि डिसेंबरमध्ये २०२२ चा नकाशा रद्द. कारण काय, तर मतदारसंघ सलग हवा असं राज्यघटनेत १८४८ पासून लिहिलंय आणि यांचे निम्म्याहून जास्त तुटक. शहरांची हद्दवाढ होता होता जमिनीचे तुकडे लांब पडलेले, तुकडा एकीकडे, मतदारसंघ दुसरीकडे, मधे भलत्याच आमदाराचा एरिया. म्हणून घटना एकदा चाळून घ्या, किंवा वकिलाला चाळायला लावा, तासाचे पैसे घेतोच तो.

नव्या नकाशावर २०२४ ला रिपब्लिकन ६४ वरून ५४ वर आले. बहुमत मात्र राहिलं, त्यामुळे पैसे अगदीच पाण्यात गेले असं नाही, आणि तसेही ते त्यांचे कुठे होते.