‘डिझेलला जंप स्टार्टर लावलात तर ईसीएम जाईल’ : जाईल तो नक्की कसा?

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं सार असं: पोर्टेबल जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी सुरू करायची लिथियम बॅटरीची डबी, फक्त पेट्रोल गाड्यांसाठी. डिझेल इंजिन फिरवण्याइतका करंट त्या मोबाईलएवढ्या डबीतून येणंच शक्य नाही. आलाच तर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, उडतो. घ्यायचाच असेल तर निदान २००० अँपिअरचा घ्या. आणि सगळ्यात बरं म्हणजे चार जण गोळा करून धक्का मारा.

पहिला मुद्दा करंटचा. डिझेलला जोर जास्त लागतो, हे खरं. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन साधारण १० ते ११ पट, डिझेलमध्ये १५ ते १८ पट. स्पार्क प्लग नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटायचं. म्हणून दीड-दोन लिटरच्या डिझेलचा स्टार्टर फिरताना २०० ते ४०० अँपिअर ओढतो, सुरुवातीच्या क्षणी त्याहून जास्त. पण किती वेळ? ३०० अँपिअर, १० व्होल्ट, तीन सेकंद असा हिशेब केला तर ऊर्जा भरते अडीच वॉट-अवर. १२,००० एमएएचच्या डबीत जवळपास ४४ वॉट-अवर असतात. म्हणजे साठा भरपूर आहे. प्रश्न आहे तो एवढा करंट एका दमात सोडण्याचा, आणि त्या कामासाठीच बनवलेले लिथियम सेल तो सोडतात. साध्या पॉवर बँकेतले सोडत नाहीत. दोन्ही डब्या दिसायला सारख्या असतात, गोंधळ तिथेच होतो.

आता तो २००० अँपिअरचा आकडा. मेसेजमधली ही ओळ मला सगळ्यात खटकते, कारण ती सावध करण्याचा आव आणून माणसाला भलत्याच आकड्यामागे लावते. खोक्यावर ठळक छापलेला असतो तो ‘पीक’ करंट, म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा. बहुतेक डब्यांत तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. १२,००० एमएएच लिहिलेल्या डबीत प्रत्येक सेल ४,००० चा, म्हणजे ४ अँपिअर-अवरचा. त्यातून २००० अँपिअर काढायचे म्हणजे क्षमतेच्या ५०० पट करंट झाला. चांगले सेल ४०-५० पटीपर्यंत नीट चालतात, क्षणभर थोडे जास्त. तेव्हा त्या आकड्याकडे बघूच नका. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ‘स्टार्टिंग’ किंवा ‘क्रँकिंग’ करंट असतो आणि ‘डिझेल अमुक लिटरपर्यंत’ अशी ओळ असते. ती वाचा, आणि आपलं इंजिन त्या मर्यादेच्या बरंच आत बसतंय ना ते बघा. दीड लिटरच्या गाडीला दीड लिटरचीच डबी घेऊ नका. डिझेलची ओळच नसेल तर ती डबी खरोखरच पेट्रोलसाठी आहे. मेसेज खरा ठरतो तो एवढ्यापुरता. ट्रक-बसवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये. त्यांची सिस्टिम २४ व्होल्टची, तिथे १२ व्होल्टच्या डबीचं काम नाही.

ईसीएमची भीती. तीन सेलांची डबी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट देते. गाडी चालू असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) रोज १४ च्या वर देतोच, आणि ईसीएम ते मुकाट्याने सोसतो. उलट गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या यंत्रणेवर मिनिटभर २४ व्होल्ट लावून बघण्याची चाचणी आहे, कारण कुणीतरी ट्रकच्या बॅटरीवरून जंप देणारच, हे गृहीत धरलेलं आहे. (म्हणून मुद्दाम देऊन बघू नका.) डबी कमजोर असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळतं, मीटरचे काटे नाचतात, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) टकटक करतो आणि गाडी सुरू होत नाही. त्याने ईसीएम जळत नाही.

ईसीएम जातो तो चिमटे उलटे लागल्याने. चांगल्या डबीच्या वायरवरचा छोटा बॉक्स उलटी जोडणी ओळखून करंट अडवतो. पण बॅटरी पार मेलेली असेल, तर त्या बॉक्सला पलीकडे बॅटरी आहे हेच कळत नाही आणि तो काही सोडत नाही. मग माणूस ‘बूस्ट’चं बटण दाबतो. बऱ्याच डब्यांत ते दाबलं की संरक्षण बंद. तेव्हा बटण दाबण्याआधी लाल चिमटा प्लसवरच आहे ना, हे टॉर्च मारून बघा. दुसरं कारण म्हणजे ‘अल्टरनेटर चालतोय का बघू’ म्हणून चालू गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल उपसणं. व्होल्टेज क्षणात उसळी मारतं आणि दोष जातो जंप स्टार्टरवर.

राहिला धक्का. कमांडर-मार्शलच्या जमान्यात, मेकॅनिकल पंपाच्या जीपला तो चालायचा, लोक रात्री गाडी उतारावरच लावायचे. आजच्या कॉमन रेल इंजिनाचं तसं नाही, त्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेल) दाबाखाली डिझेल मिळतं. रेलमध्ये दीड-दोनशे बार दाब तयार व्हायला हवा आणि इंजेक्टर उघडायला ईसीएम जागा हवा. बॅटरी अर्धी जिवंत असेल तर मॅन्युअल गाडी धक्क्याने सुरू होईलही. पार मेली असेल तर चार काय, चौदा जण ढकलोत. ऑटोमॅटिकला तर प्रश्नच नाही. शिवाय इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड आणि ब्रेकला व्हॅक्यूमची साथ एक-दोन दाबांपुरती. घाटात उतारावर हा प्रयोग सुचवणाऱ्याने स्वतः पुढे उभं राहावं.

डिझेलवाले खरी चूक करतात ती घाईची. चिमटे लावायच्या आधी टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड खरवडा आणि टर्मिनल घट्ट करा. कित्येकदा एवढ्यानेच गाडी सुरू होते. दिवे, एसी, टेप बंद. चिमटे लावून दोन-तीन मिनिटं थांबा, बॅटरीला थोडा जीव येतो. मग चावी ऑन करून हीटर प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) कॉइलसारखा दिवा विझू द्या. जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा चार-पाचवर आलेला असताना हे टाळून चालत नाही. स्टार्टर तीन ते पाच सेकंदच मारा, नाही झालं तर मिनिटभर डबी थंड होऊ द्या. तीन प्रयत्नांत झालं नाही तर बिघाड दुसरीकडे आहे, मेकॅनिकला बोलवा. सुरू झाली की चिमटे लगेच काढा.

डबी दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा. आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवू नका, घरात न्या. बऱ्याच डब्यांची साठवणुकीची मर्यादा ६० अंशांची असते, काचेमागे तेवढं सहज होतं. फुगलेली दिसली तर त्या दिवसापासून वापर बंद.