पाठ दुखवून घ्यायची तर चौकीवरच

फौजेत असलेल्या आणि जाऊ घातलेल्या गोव्यातल्या सत्तरी-पेडण्याच्या पोरांनो, डिसॅबिलिटी पेन्शनचं माझं दुसरं अपील फेटाळल्याचं पत्र परवाच पोस्टमनने आणून दिलं. तेव्हा अनुभवाचे चार बोल फुकटात ऐका.

दुखणं मोजूनमापून घ्या. १९ टक्के दुखलं तर हातात भोपळा; २० टक्के मान्य झालं की सरकार उदार होऊन ते ५० धरतं. माझं निघालं ‘१५ ते १९’. अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरसाहेबांनी वाकायला सांगितलं, मी वाकलो. सरळ होताना मला टेबलाचा काठ धरावा लागला, तेव्हा साहेब पुढच्याचा कागद बघत होते.

चवथीला गणपतीवर फळा-भाज्यांची माटोळी बांधायला शेजारचा पोरगा धरा.

आणि मुख्य म्हणजे, दुखणं सुरू कुठे करायचं ते आधी ठरवा. पीस पोस्टिंगमध्ये, म्हणजे शांत ठिकाणच्या नेमणुकीत, तर मुळीच नको. पत्रात लिहिलंय: आजाराची सुरुवात पीसमध्ये, सबब सेवेशी संबंध नाही. खरंच आहे! ८१ एमएम मॉर्टार तोफेची बेसप्लेट, म्हणजे तळाची जड तबकडी, पाठीवर घेऊन चढताना कमरेत कळ आली, तेव्हाच मी बर्फात एमआरआय काढून घ्यायला हवा होता. चौकीवर मशीन नव्हतं, ही माझीच हयगय. होतं ते नर्सिंग असिस्टंटकडचं ब्रुफेन आणि ‘खाली उतरल्यावर बघू’. उतरल्यावरच बघितलं, कारण हॉस्पिटल खालीच असतं ना! मणक्यातली चकती सरकलेली तिथे दिसली, म्हणून तिथेच सरकली? चोरीची तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवली, म्हणून चोरी ठाण्यातच झाली का?

अपील फेटाळल्यावर फौजींच्या ट्रायब्युनलमध्ये जायचं तर गोवेकरांसाठी खंडपीठ मुंबईत. कोकण रेल्वेत रात्रभर बसून जा, पाठीची परीक्षा वाटेतच होते. जिंकलात तरी पेढे वाटू नका, सरकार हायकोर्टात जाऊ शकतं.

आता साहेब, तुमच्याशी सरळच बोलतो. भरतीला आम्हाला उघडं करून तपासलंत, कणा ठणठणीत असल्याचं तुम्हीच लिहून घेतलंत. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं, आणि नाही म्हणायचं तर कारण बोर्डाने द्यायचं, हे सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय. तरी तुमचं तेच छापील वाक्य! मी कुठल्या चौकीवर किती महिने काढले ते तुमच्याच रेकॉर्डमध्ये आहे. ते पान उघडायचेही कष्ट घेतले नाहीत तुम्ही. पगार घेता ना? मग फाईल वाचा, कारण लिहा आणि मगच सही ठोका. जरा लाज बाळगा!