डी-२ पोलादाच्या चिनी सुऱ्याबद्दलच्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या नवी पेठेतील दुकानातून आपण चार इंची पात्याचा, घडी न होणारा सुरा २,२५० रुपयांना घेतलात आणि त्याला एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. आपले आक्षेप चार आहेत. सांगोल्याकडच्या बागेत डाळिंबे कापल्यावर पहिल्याच आठवड्यात पाते काळे पडले. मटणाची नळी तोडताना धारेला दोन दाते पडले. हा सुरा एका महागड्या अमेरिकी सुऱ्याची नक्कल आहे. आणि हा ‘चायना माल’ आम्ही ‘ओरिजिनल डी-२ स्टेनलेस’ असे सांगून आपल्या गळ्यात मारला. या शेवटच्या वाक्यातील ‘स्टेनलेस’ हा शब्द सर्वस्वी आमची चूक आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

काउंटरवरील पुठ्ठ्यावर तो शब्द आमच्याच मुलाने लिहिला होता आणि तो माझ्या नजरेतून सुटला. डी-२ हे मुळात साचे आणि ठसे बनवण्यासाठीचे हत्यारी पोलाद आहे. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि सुमारे १२ टक्के क्रोमियम असते. बारा टक्के क्रोमियम म्हणजे गंजरोधक, असा हिशेब अनेक विक्रेते करतात. परंतु एवढ्या कार्बनमुळे त्यातील बरेचसे क्रोमियम कार्बाइडच्या कठीण कणांत अडकून पडते आणि गंजाला अडवण्यासाठी मोकळे राहते ते थोडेच. त्यामुळे हे पोलाद धार उत्तम टिकवते, पण त्याला स्टेनलेस म्हणता येत नाही. आपण ते स्टेनलेस समजून वापरलेत, यात आपला दोष नाही.

काळ्या डागांबद्दल मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात पात्याच्या मध्यभागी दिसणारा निळसर काळा पट्टा हा गंज नव्हे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते आणि ते लोखंडाला लागले की काळा रंग तयार होतो. हिरडा किंवा डाळिंबाची साल लोखंडाच्या पाण्याबरोबर वापरून कापड काळे रंगवण्याची जुनी रीत याच गुणावर चालत आली आहे, आणि सूत रंगवणाऱ्या आपल्या गावात ती कुणाला अपरिचित नसावी. हा पट्टा धारेला इजा करत नाही. मुठीजवळचे तांबूस ठिपके मात्र गंजाचेच आहेत. ओला सुरा चामड्याच्या म्यानात ठेवला की ओल तेथे धरून राहते, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेचाही मग उपयोग होत नाही. पुसून, तेलाचे बोट फिरवून आणि म्यानाबाहेर ठेवल्यास हे टळते. ही सूचना विकताना द्यायला हवी होती.

‘डी-२ कशावरून?’ हा आपला प्रश्न मला सर्वांत योग्य वाटला, कारण स्वस्त सुऱ्यांच्या बाजारात खरी फसवणूक बहुधा येथेच होते. पात्यावर अक्षरे कोरायला काहीच खर्च येत नाही. ३सीआर१३ या नावाचे, जेमतेम ०.३ टक्के कार्बनचे मऊ पोलाद घेऊन त्यावर डी-२ कोरलेले सुरे माझ्या हातात आले आहेत. दोहोंतील फरक डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरणांनी धातूतील घटक मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने तपासल्यास क्रोमियम दोन्हीत जवळपास सारखेच दिसते, आणि कार्बन त्या यंत्राला मोजताच येत नाही. परंतु डी-२ मध्ये मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम ही सुमारे एकेक टक्का असतात, तर ३सीआर१३ मध्ये ती मिसळलेली नसतात. म्हणून या दोन आकड्यांकडे पाहावे. आपण घेतलेल्या खेपेतील एक सुरा आम्ही विक्रीला लावण्यापूर्वी असा तपासून घेतला होता, आणि त्यात दोन्ही योग्य प्रमाणात आढळली.

तरीही पोलादाचे नाव हा निम्माच भाग आहे. आमचे आजोबा चादर कारखान्यांना धागे तोडण्याच्या कात्र्या आणि शेतकऱ्यांना विळे विकत; गिऱ्हाईकाने ‘लोखंड कुठले?’ असे विचारले की ते ‘पाणी कुणी दिले ते विचारा’ असे म्हणत. पोलाद तापवून विझवणे आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढणे यावर पात्याचे सगळे भवितव्य ठरते. साधे ८सीआर१३एमओव्ही पोलाद नीट पाणी दिलेले असेल, तर ते कच्चे पाणी दिलेल्या डी-२ पेक्षा अधिक उपयोगी पडते. त्याच तपासणीत मुठीलगतच्या सपाट भागावर रॉकवेल सी मापाने काठिण्य ५९ आले, जे डी-२ च्या सुऱ्यासाठी अपेक्षित मर्यादेत आहे.

मग दाते का पडले? एक कारण आपल्याकडचे आहे आणि एक कारखान्याकडचे. डी-२ चे कार्बाइड कण मोठे असतात. ते झीज रोखतात, पण आडवा धक्का सोसत नाहीत. नळी तोडणे हे जाड धारेच्या सत्तुराचे काम आहे. दुसरे कारण असे की, कारखान्यात वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर अखेरची धार काढताना तिची अगदी कड तापते आणि तेथील पाणी उतरते. हा दोष स्वस्त सुऱ्यांत वारंवार दिसतो, महागड्यांतही अधूनमधून सापडतो, आणि साणेवर दोन-तीन वेळा धार लावल्यावर खालचे चांगले पोलाद वर येते. आपल्या बाबतीत कोणते कारण किती, हे सुरा पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

आता ‘चायना माल’ या शब्दांबद्दल. हा सुरा चीनमध्ये बनलेला आहे हे आम्ही लपवले नव्हते. आयात केलेल्या वेष्टित मालावर मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता छापणे कायद्याने आवश्यक आहे, आणि आपल्या खोक्याच्या तळाशी ती चिठ्ठी आहे. (तळाशी का लावतात, हे मलाही न सुटलेले कोडे आहे.) ग्वांगडोंग प्रांतातील यांगजियांग हे शहर सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यासाठी जगभर ओळखले जाते. तेथून भयंकर मालही निघतो आणि निर्दोष मालही. श्रेड हा जुना अमेरिकी कारखाना २००४ मध्ये बंद पडल्यानंतर त्या नावाचे सुरे चीनमध्ये बनू लागले, आणि स्पायडर्को ही अमेरिकी कंपनी आपला टेनेशियस हा चाकू तेथूनच बनवून घेते. देशाच्या नावावरून दर्जा ठरवू गेल्यास या दोन्ही उदाहरणांत आपली पंचाईत होईल. त्यापेक्षा पाते डोळ्यासमोर आडवे धरून धार सरळ रेषेत आहे का, दोन्ही बाजूंचा उतार मुठीजवळ एकाच जागी संपतो का, मुठीच्या फळ्या आणि पोलाद यांच्यात नख शिरते का आणि पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेले आहे का, हे पाहावे. काळा लेप दिलेल्या पात्यावर घासणीच्या खुणा झाकल्या जातात, म्हणून मी स्वतः बिनलेपाचे पाते पसंत करतो.

नक्कल हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, आणि त्यावर मी पूर्णपणे आमची बाजू घेऊ शकत नाही. सुऱ्याचे बहुतेक आकार कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. अमेरिकी मरीन दलाचा १९४२ पासूनचा प्रसिद्ध सुरा आज का-बार या नावाने ओळखला जातो, पण युद्धकाळात तोच नमुना कॅमिलससह अनेक कंपन्यांनी बनवला. टोकाकडे हलकेच उतरणारी पाठ आणि रुंद पोट, हा आपल्या सुऱ्याचा आकारही असाच सर्वांचा झालेला आहे. आपल्याकडे डिझाइनची नोंदणी १० वर्षे टिकते आणि फार तर ५ वर्षे वाढते. नावाचा हक्क मात्र नूतनीकरण करून कितीही काळ राखता येतो. सोलापुरात हा भेद वेगळा समजावून सांगावा लागू नये. जॅकार्ड मागावर चौकड्यांची जाड चादर विणायला कुणालाही बंदी नाही, पण बाहेर विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ छापले की आपला संताप होतो, कारण त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यामागे येथील विणकरांचे हात आहेत. आपल्या सुऱ्यावर चिनी कंपनीने स्वतःचेच नाव आणि चिन्ह कोरले आहे. त्यामुळे तो बनावट नाही.

तथापि आपण शेजारी ठेवलेल्या अमेरिकी सुऱ्याच्या छायाचित्रात मुठीवरील तिरक्या खाचा, त्यांची संख्या आणि मागचे लांबट छिद्र हुबेहूब तेच आहे. पात्याचा आकार परंपरेतून येतो. अशी मूठ कुणीतरी बसून आखलेली असते. हे कायद्यात बसत असो वा नसो, मला ते पटलेले नाही. शिल्लक राहिलेले सात नग आम्ही आयातदाराकडे परत पाठवत आहोत आणि हा नमुना पुन्हा मागवणार नाही. त्याच कंपनीचे स्वतः आखलेले दोन नमुने मात्र दुकानात राहतील, कारण तिचे पोलाद आणि कारागिरी यांबद्दल माझी तक्रार नाही.

पुठ्ठा काढून टाकला आहे. त्याऐवजी प्रत्येक सुऱ्याजवळ पोलादाचे नाव, बनवणारा देश, गंजाबाबतची सूचना आणि कोणत्या कामासाठी वापरू नये, एवढे लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे. आपल्याला चुकीचा शब्द सांगून विकलेला माल असल्याने संपूर्ण रक्कम परत मिळेल. बिल नसले तरी चालेल. सुरा ठेवून घ्यायचा असल्यास दाते साणेवर काढून नवी धार विनामूल्य लावून देऊ, आणि तसे असेल तर येताना म्यानही आणावे, म्हणजे ते बदलून प्लास्टिकचे देता येईल.

आपला,
दुकानमालक, नवी पेठ, सोलापूर