'मेड' म्हणजे मदतनीस नव्हे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: 'मोलकरीण, कामवाली, बाई हे शब्द अपमानाचे आहेत. सुशिक्षितांनी मेड म्हणावं. मेड म्हणजे मदतनीस. इंग्रजी शब्दांत उच्चनीच नसतं.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, म्हणूनच सविस्तर लिहितेय.

आधी अर्थ. 'मेड' हा 'मेडन'चा आखूड झालेला शब्द. मेडन म्हणजे अविवाहित मुलगी, कुमारिका. माहेरच्या आडनावाला मेडन नेम म्हणतात ते त्यामुळेच, आणि क्रिकेटमधली मेडन ओव्हरही त्याच कुळातली. कामाला ठेवल्या जायच्या त्या बहुधा बिनलग्नाच्या पोरी, म्हणून हेच नाव नोकराणीला चिकटलं. यात मदत कुठेच नाही. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना तर दोन नातवंडं आहेत.

इंग्रजीत उच्चनीच नाही, हेही खरं नाही. 'सर्व्हंट' ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ गुलाम. 'मीनियल' म्हणजे मुळात घरच्या परिवारातला. नोकरांना लावता लावता तो शब्दच घसरला आणि आज त्याचा अर्थ 'हलकं काम' असा होतो.

आता आपले शब्द. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. मोलमजुरीतलं मोल तेच. कष्टाचे पैसे घेण्यात कमीपणा कसला? आणि 'बाई'? जिजाबाई, सावित्रीबाई, अहिल्याबाई. शाळेत शिक्षिकेलाही आपण बाईच म्हणायचो. 'आमची बाई आज पण उलथली नाही' हे वाक्य मलाही खुपतं, पण त्यात बाईच्या जागी मेड घाला, ते तितकंच खुपेल.

'घरकामगार हा युनियनवाल्यांचा शब्द' असंही एकांनी खाली लिहिलंय. महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याचं नावच घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यातही घरकाम करणारीची वेगळी व्याख्या आहे, आणि तिच्यासाठी आपलं घर हे कामाचं ठिकाण धरलंय.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये मावशी रोज सकाळी पेन घट्ट धरून मराठीत पूर्ण नाव लिहितात, आडनावासकट. वर रकान्याला छापलंय 'मेड'. तिथे 'घरकामगार' छापावं, असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. रविवारच्या सभेला या.