बातमी फुकट, वाढदिवस रोख

कोल्हापुरात न्यूज पोर्टल काढलंय? अभिनंदन. आता ते तगवायचं कसं, याचा घोर लावून घेऊ नका. एकच पथ्य पाळा: वाचकाकडे चुकूनही पैसे मागायचे नाहीत.

आधी यूट्यूब. 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तासांचं पाहणं जमलं, की जाहिरातींचे 55 टक्के तुमचे. मधेमधे जाहिरात घुसवायची तर व्हिडिओ किमान 8 मिनिटांचा लागतो, आणि इथंच पंचगंगा धावून येते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. आत्ता पाणी किती, हे सांगायला तीन सेकंद पुरतात. म्हणूनच ते सुरुवातीला सांगायचं नाही. चार मिनिटं घाटावर छत्री धरून 'थोड्याच वेळात' म्हणत राहा, चार मिनिटं 2019 चा पूर दाखवा, आकडा अगदी शेवटी. प्रयाग चिखलीत कुणी जनावरं हलवायची की नाही म्हणून त्या आकड्यासाठी खोळंबलाय? खोळंबू दे की! तुमचे तास त्याच्याच जिवावर भरतात. फक्त कुणी दगावल्याचं दाखवू नका. व्हिडिओला यूट्यूबचं पिवळं चिन्ह लागून जाहिराती आटू शकतात. आणि 100 डॉलर साठेपर्यंत गुगल दमडी सोडत नाही, तोवर कॅमेरामनला कटिंग चहावर ठेवा.

पण खरा आधार पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींचा. तालुक्याच्या वार्ताहराला पगार कशाला? जाहिरातीवर 15 टक्के कमिशन द्या, वर महिन्याचं टार्गेट. ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, दिली नाही तर कारखान्यानं थकीत रकमेवर 15 टक्के व्याज द्यायचं, असा नियम आहे. ते व्याज का दिलं नाही, हे विचारायला आणि त्याच कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचं पान मागायला एकच माणूस जाणार. दोन्ही ठिकाणी टक्के 15च, पण घरी येतात ते कमिशनचे. पुढचं तो आपसूक शिकतो.

निवडणुकीतल्या 'पॅकेज'विषयी सांगायला नको. तुम्ही इथलेच आहात.

आता धोक्याची सूचना. काही आगाऊ लोक महिना 49 रुपये वर्गणी ठेवतात. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या गेटवेचे साधारण 2 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 रुपया 16 पैसे गेले. हजार वाचक धरले तर महिन्याला 47,840 रुपये उरतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नोंदणीही नको. दोन वार्ताहरांचे पगार निघतील, तेही कुणाच्या वाढदिवसाशिवाय!

मोहात पडू नका. पैसे आपोआप कापण्याआधी 24 तास वाचकाला मेसेज जायलाच हवा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. तो वाचून माणूस विचारात पडतो, यांनी महिनाभर दिलं काय? मग तो मेसेज जायच्या आधी एक तरी धड बातमी द्यावी लागते. कुणाच्या खात्यात शिल्लक नसते, कुणाचं कार्ड बदललेलं असतं. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण करा, दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. शिवाय पैसे भरलेला वाचक रस्त्याच्या टेंडरची कागदपत्रं मागतो. अध्यक्ष असलं काही मागत नाहीत.

तरी क्यूआर लावायची हौस असेलच, तर तो वाढदिवसाच्या जाहिरातींच्या खाली, स्क्रोल करून अंगठा दुखेल इतक्या तळाशी लावा. आणि चुकून पैसे आलेच तर ते परत कसे करायचे, हे बँकेत आधीच विचारून ठेवा.