हातोडा, ज्युरी आणि "मुलांना काय, एवढं चालतं"

आज संध्याकाळी वाचनालयात मुलांचा कट्टा होता. सातवीतल्या एका मुलीने स्वतः लिहिलेली कोर्टातली रहस्यकथा वाचून दाखवली. आजोबांची कुडाळजवळची कलमांची बाग, त्यांच्या नावाने अचानक उपटलेलं एक जुनं पत्र, काकाचा संशयास्पद मृत्यू आणि छडा लावणारी बारा वर्षांची नायिका. पोरीने काय सुरेख रचलं होतं! मग गोष्ट कोर्टात शिरली. ज्युरी, म्हणजे निकाल देणारी सामान्य नागरिकांची मंडळी, आली, जज्जसाहेबांनी हातोडा आपटला, वकील "ऑब्जेक्शन" म्हणून ओरडला आणि आरोपीने भर कोर्टात रडत गुन्हा कबूल केला. टाळ्या पडल्या. तिने विचारलं, "खऱ्या कोर्टात असंच असतं का?" समोर बसलेले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "मुलांना काय, एवढं चालतं."

नाही चालत. मुळीच नाही चालत.

तिने सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याला सरळ उत्तर होतं. आपल्या कोर्टात हातोडा नसतो. "शांतता राखा" हे शिपाई सांगतो. ज्युरी आपल्याकडे होती, पण ती कधीच गेली. 1959च्या, नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. ज्युरी त्याच खटल्याने बंद झाली असं सगळे सांगतात, पण ती टप्प्याटप्प्याने गेली आणि 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला पूर्णविराम दिला. सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्या मुलीने ती गोष्ट डोळे विस्फारून ऐकली असती.

माझा मुद्दा एवढाच आहे. कायद्याच्या रहस्यकथेत रहस्य कायद्याच्या चालीतूनच उलगडायला हवं. चाल खोटी असेल तर धागाही खोटा आणि उत्तरही खोटं. बुद्धिबळाच्या गोष्टीत घोडा सरळ चालवलेला आपण खपवून घेऊ का? मग कोर्टाच्या गोष्टीत का?

तिच्या नायिकेने खोलीत पडलेलं बटण रुमालाने उचललं आणि खिशात टाकलं. सगळे बालहेर हेच करतात आणि तिथेच खटला मरतो. वस्तू कुठे पडली होती, कोणी पाहिली, कोणी उचलली हे पंचनाम्यात यावं लागतं. परिसरातले दोन स्वतंत्र पंच लागतात. वस्तू पाकिटात जाते, त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल लागतं, लाखेचं सील बसतं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद होते, मग हवालदार ते पाकीट प्रयोगशाळेत पोचवतो आणि तिथे पावती मिळते की सील शाबूत होतं. या साखळीतली एक कडी सुटली की बचावाचा वकील शांतपणे विचारतो, "हे बटण पहिल्या दिवसापासून कोणाच्या ताब्यात होतं?" खिशातल्या बटणाला याचं उत्तर नसतं. शिवाय 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. आजच्या काळातली गोष्ट असेल आणि चित्रीकरण नसेल, तर ते का नाही हाच एक धागा होतो.

मग नायिकेने करायचं काय? हात लावायचा नाही. लांबून एक फोटो, ज्यात खोली ओळखू येईल. जवळून एक, शेजारी पट्टी ठेवून. मग मोठ्यांना सांगायचं आणि 112 ला फोन. तो फोटो व्हॉट्सअॅपवर मैत्रिणीला पाठवायचा आणि मूळ फाइल पुसून टाकायची असं करायचं नाही. पाठवताना फोटो आक्रसतो, आतली वेळेची माहिती उडते, फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिची आकड्याअक्षरांतली ओळखखूण, बदलते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात ती किंमत लिहावीच लागते. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राइव्हवर आणून जज्जसमोर लावणारे बालनायक या कलमावरच अडतील. त्यांना अडू द्या! प्रमाणपत्र कोण देणार, फुटेज साठवणारा डीव्हीआर कोणाच्या ताब्यात होता, त्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं का, एवढ्यावर दोन प्रकरणं उभी राहतात.

आणि ते पेन्सिल घासणं. वहीचं वरचं पान फाडलं, खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल घासली, अक्षरं उमटली. तिच्याही गोष्टीत होतं, कारण सगळ्यांच्या गोष्टीत असतं. पेन्सिल घासली की कागदावरचे दाब बिघडतात आणि तज्ज्ञाला नंतर ते नीट तपासता येत नाहीत. खोलीत अंधार करायचा, टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, दाबांच्या सावल्या पडतात, त्यांचा फोटो घ्यायचा. पुरावा जसाच्या तसा राहतो आणि प्रसंग जास्त रंगतो.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मुलीचा यात काय दोष? तिने पाहिलेल्या सिनेमांत आणि मालिकांत हेच असतं. अमेरिकेतल्या किशोरांसाठीच्या कोर्टकथांत ज्युरी असते कारण तिथे ती खरोखर असते. ते लेखक आपल्या गावच्या कोर्टाला प्रामाणिक राहतात, म्हणून त्या कथा पकड घेतात. उसनं घ्यायचंच तर तो प्रामाणिकपणा घ्यावा.

आपल्याकडे तर नुसती खाण आहे. "ध चा मा" ठाऊक नसलेलं मराठी मूल नसेल. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. आख्यायिका म्हणते की "धरावे"चं "मारावे" केलं गेलं, आणि बोट आनंदीबाईकडे दाखवलं जातं. मुलांना हे पाठ असतं, पण वकिलाचे प्रश्न त्यांना कोणी विचारायला दिलेत? मूळ कागद कुठे आहे? तो कोणी पाहिला? लिहिणारा कोण, नेणारा कोण, कोणाच्या हातात किती वेळ होता? खाडाखोड त्याच शाईने की दुसऱ्या? पुढे रामशास्त्र्यांनी राघोबादादाला देहांत प्रायश्चित्त सांगितलं हे आपण अभिमानाने सांगतो. त्या निकालाआधीची चौकशी म्हणजे मुलांसाठी तयार रहस्यकथा आहे, आणि आख्यायिका व पुरावा यांतला फरक त्यात आपसूक कळतो.

साक्षीचं तर विचारूच नका. आमच्या कथांतला वकील बोट रोखून "तुम्ही खोटं बोलताय!" म्हणतो आणि साक्षीदार कोसळतो. तालुक्याच्या कोर्टात उलटतपास कसा होतो? साक्षीदार सरतपासात, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगतो की गेटवरच्या दिव्याच्या उजेडात मी आरोपीला पाहिलं. पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या जबाबात दिव्याचा उल्लेखच नाही. वकील आवाज चढवत नाही. तो विचारतो, "दिव्याच्या उजेडात पाहिलं हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?" "होय." "जबाबात ते नाही, का?" आणि साक्षीदाराचं ते ठरलेलं वाक्य टंकलेखकाच्या यंत्रावर उमटतं, "ते का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही." बस. पुढच्या तारखेला तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की त्याला विचारायचं, साक्षीदाराने दिव्याचं सांगितलं होतं का? तो नाही म्हणाला की ऑमिशन, म्हणजे जबाबात ती गोष्ट नव्हतीच हे, सिद्ध झालं. शेवटी तुम्ही खोटं सांगताय असं वकील सुचवणार आणि साक्षीदार म्हणणार, "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." त्या कोरड्या वाक्यांखाली केवढी झुंज चाललेली असते! बारा वर्षांच्या वाचकाच्या हातात तो जबाब आधीच्या प्रकरणात द्या. दिवा गायब आहे हे त्याचं त्याला सापडू द्या.

आणि हो, त्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. कायद्यानेच घ्यायची नसते. गोष्टीत सही दाखवली असेल तर ती चूक आहे, किंवा तोच धागा आहे. लेखकाने ठरवावं, पण माहीत असून ठरवावं.

भर कोर्टातल्या कबुलीपेक्षा मोठा घात पोलीस ठाण्यातल्या कबुलीने होतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. चालतो तो फक्त तेवढाच भाग, ज्याच्यामुळे एखादी वस्तू सापडली. "मी सुरा विहिरीमागे पुरला, त्याच सुऱ्याने मी मारलं" यातलं विहिरीमागे पुरल्याचं येईल, मारल्याचं येणार नाही. नायिकेला वाटतं जिंकलो आणि वकीलबाई म्हणतात, आता खरी सुरुवात. यापेक्षा चांगलं मध्यंतर कुठे मिळेल?

मुलांबद्दल असलेले नियम तर आपल्या लेखकांनी उघडूनही पाहिलेले नसतात. पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा कोणत्याही वयाच्या मुलीला जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. मूल साक्ष देऊ शकतं. आधी न्यायाधीश त्याला साधे प्रश्न विचारतात, कितवीत आहेस, खरं बोलायचं म्हणजे काय, आणि त्याला प्रश्न कळतात का ते पाहतात. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथेशिवाय साक्ष घेता येते. आरोप अठरा वर्षांखालच्या मुलावर असेल तर त्याला कोठडीत टाकत नाहीत. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर नेतात. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांत किमान एक स्त्री असते. मुलाचं नाव छापायला मनाई असते. आणि आम्ही कथेत चौदा वर्षांच्या पोराला बेड्या घालून पिंजऱ्यात उभा करतो. वाचणाऱ्या मुलाच्या मनात ती भीती घर करते. एखाद्या दिवशी त्याने खरोखर काही पाहिलं तर ते तोंड उघडेल का?

मान्य, खऱ्या कोर्टात तारखांवर तारखा पडतात आणि मूल कंटाळेल. मग तारखा एका वाक्यात उरका, चाल बदलू नका.

आता त्या मुलीच्या गोष्टीतलं सगळ्यात भारी सांगते. आजोबांचं ते पत्र तिने मजकुरासकट वाचून दाखवलं. वरती तारीख 1974 ची आणि पत्ता, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला! 1974 मध्ये कुडाळ रत्नागिरी जिल्ह्यात होतं. म्हणजे पत्र नंतर कोणीतरी बनवलेलं. तिच्याच कागदावर तिचा सर्वांत पक्का पुरावा पडून होता आणि तिने उत्तर मात्र आरोपीच्या रडण्यातून काढलं. तिला कोणीतरी जागेवरच हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी "एवढं चालतं". सालं डोकं फिरतं.

आपल्या मातीत असे धागे पेरलेलेच आहेत. 1970 च्या पाकिटावर पिनकोड असेल तर ते खोटं, पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला. 1958 च्या दस्तावर "महाराष्ट्र राज्य" असेल तर खोटा, राज्य 1 मे 1960 चं. 2008 च्या पावतीवर रुपयाचं ₹ चिन्ह छापलेलं असेल तर खोटी, ते 2010 मध्ये आलं. घडीवरून शाईची रेघ गेली असेल तर भिंगाखाली बघा. आधी घडी आणि मग लिखाण असेल, तर मोडलेल्या तंतूंत शाई फुटते. स्टॅम्पपेपरच्या मागे विक्रेत्याने क्रमांक, तारीख, नाव लिहिलेलं असतं आणि तेच त्याच्या रजिस्टरला असतं. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घेऊन फेरफार नोंदवही उघडली की बाग कोणाच्या नावावर कधी आणि कशाने चढली ते दिसतं. हे सगळं सातवीतल्या मुलीला कळतं. यातल्या तारखा शाळेच्या ग्रंथालयातही पडताळता येतात.

बागेचं भांडण नुसतं मालकीचं असेल तर पोलीस कशाला? तो दिवाणी दावा. वादी, प्रतिवादी, प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत, आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांचं कोर्ट. बेड्या नाहीत, आरोपी नाही. खोटं पत्र कोर्टात दाखल झालं की मग फौजदारी भानगड सुरू होते. कथा 2023 मध्ये घडत असेल तर खुनाचं कलम जुन्या भारतीय दंड संहितेचं 302 च राहील, गुन्हा 1 जुलै 2024 किंवा नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं 103. एवढं तरी पाहा रे.

लिहिणाऱ्यांनो, दहा ते तेरा वयासाठी पाच साक्षीदार पुष्कळ झाले. तीन कागद आणि त्यांतली एकच खरी विसंगती. प्रत्येक कागद कथेत पूर्ण छापा, कोर्ट कागदाला देतं त्या निशाणी क्रमांकासकट, म्हणजे वाचकाला पान उलटून मागे जाता येईल. शेवटच्या क्षणी दार उघडून येणारा साक्षीदार नको, सरकारी बाजूच्या साक्षीदारांची यादी दोषारोपपत्रासोबतच आलेली असते.

आणि पालकांनो, कोर्ट उघडं असतं. कोणीही जाऊन बसू शकतं. ई-कोर्ट्सच्या अॅपवर आपल्या तालुक्याच्या कोर्टाचं त्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, बघा, ज्या प्रकरणापुढे साक्षीपुरावा असेल ती खोली निवडा, शाळेच्या सुट्टीत, पण कोर्ट चालू असेल अशा एखाद्या दिवशी सकाळी अकराच्या पुकाऱ्याला पोराला घेऊन जा. मोबाईल बंद, मागच्या बाकावर गप्प बसायचं, न्यायाधीश आले की उभं राहायचं. बाल न्याय मंडळात आणि बंद दाराआड चालणाऱ्या खटल्यांत प्रवेश नसतो, तेवढं शिपायाला आधी विचारून घ्या.